परिमेय फलाचे स्वतःशी संयोजन : सरळरूप आणि प्रांत

फ(क्ष) = १/(१ − क्ष) हे फल देऊन फ(फ(क्ष)) काढावयास सांगणारे उदाहरण गणिताच्या अध्यापकांस चांगलेच परिचित आहे. विद्यार्थी त्यास निव्वळ आकडेमोड समजतो आणि तपासणाऱ्याचे लक्षही बहुधा शेवटच्या ओळीवरच असते. खरा प्रश्न त्या ओळीच्या आधीच्या पायरीत आहे. प्रस्तुत लेखात त्या पायरीचे विवेचन केले आहे.

क्षच्या जागी संपूर्ण १/(१ − क्ष) ठेवल्यास

फ(फ(क्ष)) = १ / [१ − १/(१ − क्ष)]

असे मिळते. कंसातील राशी −क्ष/(१ − क्ष) इतकी होते; म्हणून सरळरूप (क्ष − १)/क्ष. यात क्ष = १ ठेवल्यास उत्तर शून्य येते, कोठेही अडत नाही. परंतु फ(१) यालाच अर्थ नाही. मग फ(फ(१)) यास तो कोठून येणार? अंश व छेद यांस (१ − क्ष) ने गुणण्याची क्रिया क्ष ≠ १ असतानाच वैध आहे आणि ही अट सरळरूपात दिसेनाशी होते. प्रांत ठरवावयाचा तो सरळरूप देण्यापूर्वी, नंतर नव्हे.

आणखी एकदा संयोजन केल्यास फ(फ(फ(क्ष))) = क्ष. पडताळा सोपा आहे : २ पासून −१, −१ पासून १/२ आणि १/२ पासून पुन्हा २. तथापि हे तादात्म्य फल नव्हे. ० पासून १ मिळतो आणि १ वर गाडी थांबते. म्हणून प्रांतातून ० व १ वगळावेच लागतात. ‘उत्तर क्ष’ एवढेच लिहिणारा विद्यार्थी सूत्र बरोबर देतो, फल मात्र चुकीचे देतो.

तीन वेळांतच मूळ जागी परत येणे हा योगायोग नाही. अशा आवर्ती फलांचा अभ्यास चार्ल्स बॅबेज यांनी १८१५ मध्येच केला होता. (अक + ब)/(कक + ड) अशा लेखनात अक्षरे गोंधळात टाकतात, म्हणून सहगुणक थेट मॅट्रिक्समध्ये मांडणे बरे. वरील फलाच्या मॅट्रिक्सची पहिली ओळ ०, १ आणि दुसरी −१, १. फलांचे संयोजन म्हणजे मॅट्रिक्सांचा गुणाकार. या मॅट्रिक्सच्या कर्णावरील घटकांची बेरीज १ व निश्चयक १. म्हणून आर्थर केली यांच्या १८५८ च्या निबंधातील प्रमेयानुसार म² − म + ए = ०, येथे ए हा एकक मॅट्रिक्स. दोन्ही बाजूंस (म + ए) ने गुणल्यास म³ = −ए. अंश व छेद दोहोंतील ऋण चिन्ह निघून जाते आणि क्ष उरतो.

सर्वच फले इतकी आज्ञाधारक नसतात. ग(क्ष) = १/(१ + क्ष) घेतल्यास क्रमाने (१ + क्ष)/(२ + क्ष), (२ + क्ष)/(३ + २क्ष), (३ + २क्ष)/(५ + ३क्ष) ही रूपे येतात. सहगुणक फिबोनाची संख्या आहेत. त्यांची मांडणी हेमचंद्रांनी बाराव्या शतकात मात्रावृत्तांच्या संदर्भात केली होती. येथे प्रत्येक संयोजनाबरोबर प्रांतातून एक नवी संख्या गळते : −१, −२, −३/२, −५/३ आणि पुढे. चौथ्या संयोजनाच्या सरळरूपात मात्र केवळ −५/३ हीच अडचण दिसते. आधीच्या तिन्ही लपलेल्या असतात.

बीजगणिताचा अध्यापक येथे आक्षेप घेईल आणि तो रास्त आहे. परिमेय फल म्हणजे दोन बहुपदींचे गुणोत्तर, असे मानल्यास समान अवयव काढून टाकणे ही समानताच होय. तेथे प्रांताचा प्रश्न उद्भवत नाही. वास्तव संख्यांत अनंत हा एक बिंदू जोडल्यासही अडथळा नाहीसा होतो : फ मुळे ० पासून १, १ पासून अनंत आणि अनंतापासून पुन्हा ० मिळते. म्हणून प्रश्नपत्रिकेत ‘सरळरूप द्या’ की ‘प्रांतासह फल द्या’, हे स्पष्ट लिहिलेले असावे.