मरीन प्लाय पाण्याला टिकतो, आगीला नाही



गोव्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. ट्रॉलर जेटीला लागले की सुतारकाम सुरू होतं, केबिनचा आणि इंजिनरूमचा खराब झालेला प्लाय बदलला जातो. दुकानात आपण एकच विचारतो, "मरीन आहे ना?" आगीचं कोणी विचारत नाही. म्हणून ही माहिती.

मरीन प्लायवर आयएस ७१० हा नंबर असतो. म्हणजे पाण्याने त्याचे थर सहज सुटत नाहीत. आगीशी त्या नंबरचा संबंध नाही. आग उशिरा धरणाऱ्या प्लायचा नंबर आयएस ५५०९. दुकानात त्याला 'फायर रिटार्डंट' किंवा नुसतं 'एफआर' म्हणतात. तो किती वेळाने पेटतो, ज्वाळा किती वेळाने आरपार जाते, हे तपासलेलं असतं.

पण एफआर म्हणजे न जळणारा नव्हे. त्यात बोरॅक्स, फॉस्फेट अशी रसायनं मुरवलेली असतात. त्यामुळे आग हळू पसरते आणि आपल्याला काही मिनिटं जास्त मिळतात. भर समुद्रात बंब येत नाही. इंजिनच्या वर झोपलेल्या पोरांना उठवायला, डिझेलचा कॉक बंद करायला तीच मिनिटं कामाची.

सगळ्या बोटीला एफआर लावायची गरज नाही. जाड लाकडाचा मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर कोळसा होतो, ते तग धरतं. धोका पातळ प्लायचा. म्हणून तीन जागा बघा: इंजिनरूमचं छत आणि पार्टिशन, गॅसची शेगडी असते तो कोपरा, आणि बॅटरी-वायरिंगची जागा. उघड्या डेकवर हा प्लाय लावू नका. यातली बरीच रसायनं पावसाने आणि लाटांनी धुऊन जातात. मग पैसे गेले आणि संरक्षणही गेलं.

काम करून घेताना एवढं सांभाळा:

१. आयएसआय मार्काखाली सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो. तो मोबाईलवर 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून बघा. नुसत्या शिक्क्यावर जाऊ नका.

२. कापलेल्या कडा आणि भोकं उघडी ठेवू नका, सील करून घ्या. ओल तिथूनच शिरते.

३. काही रसायनांनी साधे खिळे लवकर गंजतात. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरा.

४. सायलेन्सरच्या पाईपला प्लाय टेकवू नका. मधे जागा सोडा आणि पाईपला रॉकवूल गुंडाळा. रोज तापणारं लाकूड काही वर्षांनी कमी उष्णतेवरही पेट घेऊ शकतं.

५. डिझेलने माखलेल्या प्लायला कुठलंही रसायन वाचवत नाही. गळती आधी बंद करा, इंजिनखाली ट्रे ठेवा.

एफआर प्लाय महाग पडतो, खरं आहे. पण या तीन जागांना मोजकेच प्लाय लागतात. घरच्यांनीही यंदा प्लायचं बिल मागून बघा. त्यावर ५५०९ लिहिलेलं आहे का, एवढंच विचारा. १ ऑगस्टला बोट बाहेर पडेल तेव्हा आपलीच माणसं त्या केबिनमध्ये झोपणार आहेत.