बॅटरी बदलण्याआधी: जुन्या डिझेल पिकअपची वीज अडते कुठे?

बीड जिल्ह्याचा बराचसा शेतमाल आजही पिकअपवरच चालतो. धारूरच्या डोंगरातलं सीताफळ, माजलगाव-गेवराईकडचा कापूस, नेकनूरच्या बाजारातली जनावरं, सगळं त्याच हौद्यातून जातं. यातल्या कित्येक बोलेरो पिकअप आणि टाटा २०७ गाड्यांनी पंधरा-वीस पावसाळे पाहिलेत. अशा गाडीची चावी फिरवली आणि काहीच झालं नाही, की आजूबाजूचे सगळे एकच निदान करतात: बॅटरी गेली. मग हजारो रुपयांची नवी बॅटरी बसते आणि पंधरा दिवसांनी गाडी पुन्हा तशीच उभी राहते. हा खर्च बहुतेक वेळा टाळता येतो.

आधी एक फरक ओळखायला हवा. सेल्फ मारताना दिवे हळूहळू मंदावत असतील, हॉर्नचा आवाज बसत असेल, तर बॅटरी उतरलेली असण्याची शक्यता मोठी. पण गाडी एकदम मुकी झाली, म्हणजे मीटरचे दिवे नाहीत, हॉर्न नाही, काहीच नाही, तर वाट कुठेतरी तुटलेली असते. सैल टर्मिनल, बॅटरीजवळचा जळालेला मेन फ्यूज किंवा इग्निशन स्विचमागचा वितळलेला कपलर, हे आधी बघायचं. चांगली बॅटरी एका क्षणात सहसा मरत नाही.

‘हेडलाइट लख्ख लागतात, म्हणजे बॅटरी आणि वायरी ठीक आहेत, सेल्फच जळाला’ हा समज सगळ्यात महागात पडतो. दोन्ही हेडलाइट मिळून साधारण दहा अँपिअर घेतात, सेल्फ मात्र दोनशेच्या वर ओढतो. टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी चढून तिथे ओहमचा शंभरावा भाग इतका जरी अडथळा तयार झाला, तरी हेडलाइटसाठी एक दशांश व्होल्ट कमी होतो. तो डोळ्याला दिसतही नाही. पण सेल्फ मारताना त्याच जागी दोन व्होल्ट खर्च होतात आणि सेल्फ नुसता टक् करून थांबतो. सेल्फ खोलण्याआधी दोन्ही टर्मिनल काढून, घासून, घट्ट आवळून बघायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

तसाच दुसरा समज अर्थिंगबद्दल आहे. अनेकांना ती जोडीला टाकलेली वायर वाटते. प्रत्यक्षात प्लसमधून निघालेली सगळी वीज चेसी आणि इंजिनमार्गे मायनसकडे परत यावी लागते, म्हणून अर्थची पट्टी हा निम्मा रस्ता आहे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे त्याला चेसीशी जोडणारी पट्टी गंजली की वीज दुसरी वाट शोधते. कधी ती ॲक्सिलरेटरच्या केबलमधून परत जाते. सेल्फ मारल्यावर ही केबल गरम लागत असेल, तर दोष अर्थमध्ये शोधावा.

इथे मल्टिमीटरही फसवतो. दहा तारांपैकी नऊ तुटलेल्या वायरवर मीटर निवांत साडेबारा व्होल्ट दाखवतो, कारण तो स्वतः जवळजवळ काहीच वीज ओढत नाही. म्हणून जुन्या वायरमनच्या हातातला बल्ब लावलेला टेस्ट लॅम्प मला अजूनही मोलाचा वाटतो. मीटर असेल तर तो भार असताना लावावा. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला, आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगायचं. काटा अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला तर अर्थ खराब. असंच प्लसपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत तपासायचं.

बॅटरीचा निवाडाही आकड्यांनीच करावा. काही तास उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे ती भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. भरलेली असूनही सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर दम संपला. हायड्रोमीटरमध्ये सहापैकी एकच सेल बाकीच्यांपेक्षा बराच खाली दिसला, तर ती बॅटरी चार्ज करण्यात अर्थ नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा बॅटरीतलं पाणी उडतं, ॲसिड मागेच राहतं. म्हणून वरून ॲसिड ओतणं चूक आणि बोअरचं क्षारयुक्त पाणी घालणं तर त्याहून मोठी चूक. फक्त डिस्टिल्ड वॉटर.

ऊसतोडीच्या हंगामात घरी उभी राहिलेली गाडी मालक परत आल्यावर उठत नाही, तेव्हाही बॅटरीला दोष देण्याची घाई नको. हौद्यातला पाच वॅटचा एक दिवा विसरून चालू राहिला, तरी दिवसाला दहा अँपिअर-अवर जातात. ऐंशीची बॅटरी आठवड्यात रिकामी होते. नंतर जोडलेली म्युझिक सिस्टिम, जादा एलईडी, प्रेशर हॉर्न यांच्या वायरी आधी तपासाव्यात. आणि फ्यूज उडतोय म्हणून तिथे तांब्याची तार गुंडाळणं कृपा करून बंद करा. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो; तो बंद पाडला की डॅशबोर्डमागची वायरिंग पेटते.

चालू गाडीची बॅटरी काढून डायनामो (म्हणजे अल्टरनेटर) तपासण्याची पद्धत गॅरेजांत अजून दिसते. बॅटरी निघताच व्होल्टेज उसळतं आणि चांगल्या अल्टरनेटरचे डायोड त्यातच जातात. त्याऐवजी गाडी चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावा: १३.८ ते १४.५ हवेत. चावी लावल्यावर डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा लागतच नसेल तर आधी तो बल्ब बघा, कारण अनेक अल्टरनेटरना सुरुवातीची वीज त्याच्यातूनच मिळते.

‘डिझेलला धक्का दिला की झालं’ हेही अर्धंच खरं. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनाला ठिणगी लागत नाही, हे बरोबर. पण इंधन सोडणारा व्हॉल्व्ह विजेवर चालत असेल, तर पूर्ण मेलेल्या बॅटरीवर कितीही ढकला, डिझेल पुढे जाणार नाही. मदतीला आलेल्या मोठ्या ट्रकवरून जंप घेण्याआधी त्याच्या बॅटऱ्या बघा. दोन एकामागोमाग (सिरीजमध्ये) जोडलेल्या असतील तर तिथे २४ व्होल्ट असतात. १२ व्होल्टच्या ट्रॅक्टरवरून घ्या, आणि मायनसचं शेवटचं टोक बॅटरीला न लावता आपल्या गाडीच्या इंजिनच्या लोखंडाला लावा, कारण बॅटरीजवळ हायड्रोजन असतो आणि ठिणगीने तो पेटू शकतो.

उतारावर गाडी सोडून चालू करण्याचा मोह धारूरच्या किंवा मांजरसुंब्याच्या घाटात अजिबात नको. अशा बऱ्याच गाड्यांत ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच पाठीला बसवलेला असतो. इंजिन बंद म्हणजे तो बंद. एक-दोनदा दाबल्यावर पेडल दगडासारखं होतं. अल्टरनेटर फिरवणारा पट्टा तुटला तर चालत्या गाडीतही ब्रेकचा जोर जातो, आणि बऱ्याच इंजिनांत पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर असतो. घाटात लाल दिवा लागला, तर बॅटरीवर घरापर्यंत जाऊ असं म्हणू नका. सपाट जागा मिळताच गाडी कडेला घ्या आणि बॉनेट उघडून पहिला तो पट्टा बघा.