शेवटची गोळी कधी सुटली?

20 ऑगस्ट 2013 च्या सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. त्याच दिवशी ठाणे पोलिसांनी वेगळ्याच कारवाईत पिस्तुलं जप्त केली. त्यातल्या एकाशी पुण्यातल्या गोळ्या जुळतात, असा अहवाल पुढे मुंबईत कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेतून आला. पण तो धागा टिकला नाही. मे 2024 मध्ये दोघांना जन्मठेप झाली ती प्रत्यक्षदर्शींच्या साक्षींच्या बळावर. एका वाचकाने विचारलं आहे: ते पिस्तूल त्या सकाळी चाललं होतं का, हे नळी तपासून लगेच कळलं नसतं का?

नुसता वास घेऊन तर नाहीच. मात्र त्या वासात नॅप्थलीन असतं, आपल्या जुन्या डांबरगोळीतलंच. काडतुसातली दारू पुरती जळत नाही आणि ते नळीत तयार होतं. कपाटातली डांबरगोळी झिजते तसं तेही उडून जातं. उरलेलं मोजून गेलेला वेळ काढायचा, ही स्वीडनच्या यान आंद्रास्को यांची 1990 च्या दशकाअखेरची कल्पना. आधी शॉटगन, मग रिकाम्या पुंगळ्या, पुढे पिस्तुलं.

मला मोह पडतो तो आंद्रास्को यांच्या मोजणीच्या साधनाचा. कॅनडात यानुश पावलिशिन आणि कॅथरीन आर्थर यांनी 1990 मध्ये पाण्यातलं प्रदूषण शोधायला चक्क ऑप्टिकल फायबरचा तुकडा वापरला होता. तसाच केसाएवढा, लेप दिलेला तंतू नळीत धरायचा, वाफ त्याला चिकटते. मग तो यंत्रात तापवायचा. गुन्हे अन्वेषणाच्या कौतुकात या दोघांचं नाव क्वचितच येतं.

पण मालिकांतला तज्ज्ञ छातीठोकपणे वेळ सांगतो, त्यावर विश्वास ठेवू नका. काडतूस बदललं, नळीची लांबी बदलली, हवा तापली की हिशेब बदलतो. एकाच खोक्यातल्या दोन काडतुसांतूनही सुरुवातीला सारखं नॅप्थलीन निघत नाही. आजची गोळी की गेल्या महिन्यातली, एवढा फरक सांगता येऊ शकतो. सकाळचे सात की दहा, हे नाही.

तेही नमुना वेळेत घेतला तरच. जप्तीचं हत्यार कापडात गुंडाळून वर लाखेचं सील ठोकलं, तरी वाफ कापडातून निघून जाते. नळीचं तोंड हवाबंद करावं लागतं. शिवाय गोळी जुळवून पाहण्यासाठी प्रयोगशाळा त्याच पिस्तुलातून चाचणीची गोळी झाडते आणि नळी नव्या वाफेने भरते. म्हणून तंतू आधी, चाचणी नंतर. हा क्रम उलटा झाला तर वाचकाच्या प्रश्नाचं उत्तर कोणतंच यंत्र देऊ शकत नाही.