खुडूक कोंबडीची विद्या आणि मॉरिशसचा ससाणा

गटाच्या बैठकीत मुलींच्या शिक्षणाचा विषय निघाला की नर्स, शिक्षिका, पोलीस, बँक एवढीच नावं पुढे येतात. म्हणून आज आम्ही एका वेगळ्या कामाची माहिती देणार आहोत. नामशेष होत चाललेले पक्षी वाचवणाऱ्या शास्त्रज्ञाचं हे काम. त्यातली मुख्य युक्ती आपल्या परसातल्या कोंबड्यांमुळे तुम्हाला आधीच ठाऊक आहे.

त्यासाठी आपण मॉरिशसला जाऊ. हिंदी महासागरातलं हे छोटं बेट आपल्याला परकं नाही. 1834 पासून इंग्रजांनी उसाच्या मळ्यांवर राबायला भारतातून मजूर नेले. त्यांत कोकणातली माणसंही होती. त्यांची मराठी कुटुंबं आजही तिथे आहेत आणि गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते.

याच बेटावर डोडो नावाचा मोठा, न उडणारा पक्षी होता. 1598 मध्ये डच लोक उतरले. त्यांच्याबरोबर उंदीर, डुकरं असे प्राणी आले. पुढच्या शंभर वर्षांच्या आत डोडो संपला. नंतर उसासाठी जंगल तुटत गेलं. उंदीर मारायला मुंगूस आणलं, त्याने पक्ष्यांची पिल्लंही खाल्ली. हिवतापाचे डास मारायला डीडीटी फवारलं. ते किड्यांतून पालींत, पालींतून शिकारी पक्ष्यांत गेलं. अशा विषाने अंड्याचं कवच पातळ होतं आणि अंडं फुटतं.

या सगळ्याचा मार मॉरिशस केस्ट्रल या लहान ससाण्यावर बसला. 1974 मध्ये रानात असे फक्त चार पक्षी माहीत होते, आणि त्यांत अंडी घालणारी मादी एकच.

1979 मध्ये कार्ल जोन्स हे वेल्समधले तरुण शास्त्रज्ञ तिथे आले. खरं तर त्यांना हे काम आवरतं घ्यायला पाठवलं होतं. एवढ्या थोड्या पक्ष्यांतून काही उभं राहील, असं अनेक जाणकारांना वाटत नव्हतं. जोन्स यांनी काम बंद न करता वाढवलं.

आता ती युक्ती. कोंबडीची अंडी रोज उचलली तर ती लवकर खुडूक बसत नाही, अंडी देत राहते. अंडी खाली राहिली की ती खुडूक होते आणि अंडी देणं थांबवते. ससाण्याचंही काहीसं तसंच. पहिली अंडी वेळेत उचलली तर मादी पुन्हा अंडी घालते. म्हणून पहिली अंडी घरट्यातून काढून उबवणी यंत्रात ठेवली आणि दुसरी अंडी आईलाच उबवू दिली. त्यामुळे एका हंगामात एका जोडीकडून दुप्पट अंडी मिळू लागली.

ऐकायला सोपं आहे, पण ससाणा घरटं करतो उंच कड्यातल्या कपारीत. तिथे दोर लावून चढायचं, अंडी उबदार ठेवून न हलवता खाली आणायची. उबवताना अंड्यातलं पाणी थोडं थोडं उडतं आणि वजन घटतं. ते फार किंवा कमी घटलं तर पिल्लू जगत नाही. म्हणून अंडी तोलायची, वहीत लिहायची आणि यंत्रातला ओलावा कमीजास्त करायचा. अंगणवाडीत बाळाचं वजन लिहितात, तशीच ही नोंद.

पिल्लू मोठं झालं की रानात उंचावर पेटीत ठेवायचं आणि स्वतः शिकार जमेपर्यंत खाणं पुरवायचं. पायात रंगीत कडी घालायची, म्हणजे कोण कुठे आहे ते कळतं. रानातल्या जोड्यांनाही वरून खाणं द्यायचं, लाकडी घरटी बसवायची, मुंगूस आणि मांजरं पकडायला सापळे लावायचे. पहाटे निघायचं, पावसात भिजायचं आणि संध्याकाळी नोंदी पुऱ्या करायच्या. या कामाचा मोठा भाग म्हणजे अशी रोजची निगराणी.

1994 पर्यंत तीनशेहून जास्त ससाणे रानात सोडले गेले. याच पद्धतीने गुलाबी कबुतरही वाचलं. 1990 च्या सुमारास ती रानात दहाच्या आसपास उरली होती, आज काहीशे आहेत. आपल्या पोपटाचा नातेवाईक असलेला इको पोपटही सावरला. एका घरट्यात जास्तीची पिल्लं असली तर ती अंडी वाया गेलेल्या जोडीकडे सोपवत. आपण बदकाची अंडी कोंबडीखाली ठेवतो ना, त्यातलाच प्रकार.

मात्र काम संपलेलं नाही. मूळचं चांगलं जंगल फार थोडं उरलं आहे. ससाण्यांची संख्या पुन्हा घटल्याने 2014 मध्ये त्याला परत संकटग्रस्तांच्या यादीत घालावं लागलं. पक्षी वाढवले तरी त्यांना राहायला रान लागतंच.

या कामाची पहिली पायरी म्हणजे पक्षी का मरतो ते शोधणं. आपल्याकडची गिधाडं याच मार्गाने कळली. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात जात होतं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होत होती. 2006 मध्ये ते गुरांसाठी बंद झालं. गुराला दुखण्याचं इंजेक्शन द्यायचं असेल तर डॉक्टरांना मेलॉक्सिकॅम द्या म्हणावं. ते गिधाडांना सुरक्षित आहे.

बाया हे काम करू शकतात का? आसाममध्ये पूर्णिमा देवी बर्मन यांनी हरगिला या मोठ्या करकोच्यासाठी गावातल्या हजारो बायकांना एकत्र केलं. 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा सन्मान केला.

मुलीला या वाटेने जायचं असेल तर बारावी विज्ञान, मग प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा वनविद्येची पदवी, आणि पुढे वन्यजीव विषयात एमएस्सी. डेहराडूनला भारतीय वन्यजीव संस्था आहे. मुंबईत 1883 पासून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी आहे. पगार सुरुवातीला मोठा नसतो, मुक्काम रानात असतो, हे मुलीला आधीच सांगावं.

आणि तिला आतापासून एक वही द्यावी. अंगणात कोणते पक्षी येतात, कुठे घरटं झालं, किती पिल्लं उडाली, हे तारीख घालून लिहू द्यावं. पुढच्या बैठकीत ती वही गटात वाचून दाखवा. आम्हालाही ऐकायला आवडेल.