बारी मोडनिंबची

पुण्याहून सोलापूरला निघालं की टेंभुर्णी मागे पडते आणि मोहोळ यायच्या आधी मोडनिंब लागतं. तालुका माढा. उसाच्या ट्रॉल्या, टायरपंक्चरची दुकानं, पंढरपूरकडे वळणारी वारकऱ्यांची वाहनं. बाहेरून पाहणाऱ्याला हे हायवेवरच्या शंभर गावांसारखंच गाव वाटेल. पण नुसतं ‘मोडनिंबला जाऊन आलो’ म्हटलं की सोलापूर-नगर-धाराशिव पट्ट्यातली जुनी माणसं गालातल्या गालात हसतात. पुढचं वाक्य सांगावं लागत नाही. गावाच्या नावालाच ढोलकी चिकटली आहे.

इथे संगीतबारीची थिएटरं आहेत. पाटीवर आता ‘सांस्कृतिक कला केंद्र’ असतं, तोंडात मात्र थिएटरच. तमाशा म्हटलं की शहरी वाचकाच्या डोळ्यांसमोर जत्रेतली कनात, गण-गवळण, सोंगाड्या, वग असं सगळं येतं. तो ढोलकीफडाचा तमाशा. विठाबाई नारायणगावकर त्या घराण्याच्या. संगीतबारीत वग नाही, सोंगाड्या नाही, गावोगाव हिंडणारे ट्रकही नाहीत. एका थिएटरात अनेक पार्ट्या मुक्कामाला असतात. प्रत्येक पार्टीला रंगमंचावर ठरावीक वेळ मिळतो, ती तिची बारी. बारी म्हणजे पाळी, विहिरीवर पाण्याची लागते तशी. एकीची संपली की दुसरीचा पडदा उघडतो. प्रेक्षक तोच, पण पुढच्या पार्टीला त्याला पहिल्यापासून जिंकावं लागतं.

पार्टीला नाव बहुधा दोघींचं असतं, सख्ख्या नाहीतर मावस बहिणींचं, आणि पुढे मूळ गावाचं ‘कर’. छाया-माया खुटेगावकर हे नाव रसिकांना असंच एका दमात पाठ आहे. एकीचं नाव घेऊन थांबलं तर वाक्य अर्धवट वाटतं. पार्टीत नाचणाऱ्या पाच-सात जणी, एखादी गाणारी, पेटीवाला, तबलजी, ढोलकीवाला. हिशेब पाहणारी मालकीण बहुधा स्वतः एकेकाळची नाचणारी. घर बाईच्या कमाईवर चालतं, आणि त्या घरात बाईचा शब्द चालतोच असं नाही. या व्यवसायातल्या बऱ्याच जणी कोल्हाटी-डोंबारी समाजातल्या. त्यांच्या घरातला ‘चिरा उतरवण्या’चा, म्हणजे वयात आलेल्या मुलीचा पहिला संबंध पैसे मोजणाऱ्याशी लावण्याचा रिवाज, लग्न न होणं, मुलांना आईचं नाव लागणं हे सगळं मध्यमवर्गीय मराठी वाचकाच्या दारात आणून ठेवलं ते किशोर शांताबाई काळे यांनी. ‘कोल्हाट्याचं पोर’ १९९४ साली आलं. लेखक याच सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातला, शिकून डॉक्टर झालेला. ते पुस्तक वाचल्यावर थिएटरच्या पाटीवरची दोन नावं पूर्वीसारखी वाचता येत नाहीत. २००७ मध्ये काळे अपघातात गेले.

थिएटरं मोडनिंबलाच का? कागदोपत्री उत्तर शोधण्यापेक्षा नकाशा पाहावा. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज १९०६ मध्ये कुर्डुवाडीहून पंढरपूरला पोचली, त्या वाटेवर मोडनिंब स्टेशन. कुर्डुवाडीला मुंबई-मद्रास मोठी लाइन. जवळून पुणे-सोलापूर सडक. खाली पंढरपूरच्या चार वाऱ्या, वर बार्शीची बाजारपेठ. पुढे उजनी धरण झालं, ऊस आला, आणि ज्याच्या हातात कधी वर्षातून एकदाच पैसा यायचा त्याच्या हातात कारखान्याचं बिल पडू लागलं. बारीला लागणारा माणूस असा असतो: खिशात आजची पट्टी, घर गाडीने तासाभरावर, आणि इथे ओळखीचं कुणी नाही. हा माझा अंदाज, पण नकाशा त्याला दुजोरा देतो.

पंढरपूर जवळ आहे याला आणखी एक अर्थ आहे. २०१४ पर्यंत रुक्मिणीचे पुजारी असलेल्या उत्पात मंडळींत होळी ते रंगपंचमी लावणी गायची जुनी परंपरा आहे. ज्ञानोबा उत्पातांचं नाव जाणकार आदराने घेतात. सोलापूर तर शाहीर राम जोशींचं गाव. पेशवाईच्या अखेरीस कीर्तनाच्या चौकटीतून उठून ते फडावर गेले. म्हणजे या मुलखात लावणी देवळाच्या ओसरीवरही होती आणि माडीवरही. फरक गाण्यात नव्हता. गाणाऱ्याकडे गाव कसं बघतं, त्यात होता.

सरकारनेही तसंच पाहिलं. स्वातंत्र्य मिळालं त्या सुमारास बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने तमाशावर बंदी घातली. बोंब झाल्यावर दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमली गेली, आणि कला ‘शुद्ध’ करून परत द्यायचं ठरलं. त्याच सुमारास, १९४७ साली, ‘लोकशाहीर राम जोशी’ हा सिनेमा थिएटरं भरभरून चालत होता. पडद्यावरच्या लावणीला टाळ्या आणि मंचावरच्या लावणीला परवाना, ही तऱ्हा तेव्हाची. ती अजून गेलेली नाही. १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ हा तमाशापट पुण्यात १३१ आठवडे चालला. बहुतेक मराठी घरांत लावणी म्हणून जो आवाज ओळखतात तो सुलोचना चव्हाणांचा; त्या डोक्यावर पदर घेऊन गायल्या, त्यांनी कधी पायात चाळ बांधले नाहीत. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी डिसेंबरात त्या गेल्या. त्यांचं गाणं थोर आहे. पण त्या आवाजामुळे आपण लावणी घरबसल्या ऐकायला शिकलो, समोर बसून ऐकायची राहूनच गेली.

समोर बसून म्हणजे बैठकीत. रंगमंचावरची बारी ही जाहिरात म्हणावी. खरा माल आतल्या खोलीत. गादी, लोड, चार-पाच रसिक, भिंतीला टेकून पेटीवाला. बाई उभी नसते, मांडी घालून बसलेली असते. पाय बंद झाले की बाकी सगळं जागं होतं: भुवई, मनगट, पदराचं टोक, नथीखालचं हसू. एकच ओळ सात-आठ वेळा येते, दर वेळी वेगळ्या अर्थाने. पहिल्यांदा ती सख्याला बोलावते, तिसऱ्यांदा रुसते, पाचव्यांदा त्याला खोटं ठरवते. शब्द तेच. ठुमरीवाले याला भाव बताना म्हणतात, इथे म्हणतात अदा. वाईच्या यमुनाबाई वाईकर या कलेच्या शेवटच्या मोठ्या जाणकारांपैकी. दिल्लीत पंडित बिरजू महाराजांनी त्यांच्या गाण्यावर अदा केली होती, ही गोष्ट बारीवाल्यांत अजून अभिमानाने सांगतात. २०१२ मध्ये त्या पद्मश्री झाल्या, २०१८ मध्ये गेल्या.

ढोलकीचंही असंच आहे, जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. बारीच्या आधी ढोलकीवाला मेकअपच्या खोलीबाहेर बसून शाईच्या बाजूची कड हातोडीने ठोकत असतो. एक टिचकी, कान जवळ, पुन्हा ठोका. आत पेटीवाला काळी चार दाबून धरतो. ही पुडी पेटीच्या सुरात चढवायची. दुसरी बाजू म्हणजे धुम. त्याला आतून मसाला लावलेला; तो तळव्याने घासला की घुमारा निघतो. बाई नुसती मान वळवते तेव्हा शाईवर एक तुटक बोल पडतो, कंबर हलते तेव्हा धुम घुमतो. म्हणजे ढोलकीवाल्याची नजर वाद्यावर नसते, बाईच्या मानेवर असते. मान कधी वळेल हे तिलाही आधी ठाऊक नसतं. ही जुगलबंदी आधी भरून ठेवलेल्या संगीतावर होऊ शकत नाही. तिथे बाईला गाण्यामागे धावावं लागतं.

आणि आज नेमकं तेच चाललंय. कला केंद्रांत डीजे शिरला. गिऱ्हाईक सिनेमातलं गाणं मागतं, तेही ओरिजनल, त्यातल्या तालासकट. पेटी-ढोलकीवाल्याला रोजची हजेरी द्यावी लागते. स्पीकरला एकदाच पैसे मोजले की झालं. हिशेब सरळ आहे, म्हणून जास्त वाईट वाटतं. जुन्या कलावतींची तक्रार अशी की नवीन मुली नाचतात झकास, पण गाणारी मिळत नाही. गळा तयार व्हायला वर्षं लागतात, रील व्हायला तीस सेकंद. ‘नटरंग’ २०१० मध्ये आला तेव्हा लावणीला दिवस आले असं सगळे म्हणाले. दिवस आले, पण स्टेज शोला. बैठकीत कुणी वाढल्याचं मला दिसलं नाही.

याच जिल्ह्यात अकलूजला लावणी स्पर्धा नव्वदच्या दशकात उभी राहिली, तिने एक गोष्ट मात्र चांगली केली. संगीतबारीच्या पार्ट्या आपल्या वाजवणाऱ्यांसकट मोठ्या मंचावर आल्या, आणि बायकांनी, सहकुटुंब, समोर बसून लावणी पाहिली. भूषण कोरगावकरांचं ‘संगीत बारी’ हे पुस्तक आणि सावित्री मेधातुल यांच्यासोबत उभा राहिलेला त्याच नावाचा प्रयोग यांनी शहरांत हेच केलं. त्या प्रयोगात शकुंतलाबाई नगरकर बसून अदा करतात तेव्हा नाट्यगृहातली शेवटची रांगही पुढे सरकून बसते.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे थिएटरांचे दरवाजे बंद झाले. नोव्हेंबरात थोडे उघडले, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा बंद, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये निम्म्या खुर्च्यांवर परत सुरू. कलावती घरी बसल्या. कुणी शेतमजुरीला गेल्या, कुणी दागिने मोडले. मे २०२१ मध्ये ज्येष्ठ तमाशा कलावंत कांताबाई सातारकर कोरोनाने गेल्या, तेवढ्यापुरता वर्तमानपत्रांना तमाशा आठवला. एरवी कला केंद्राचं नाव छापून येतं ते गुन्ह्याच्या पानावर. कुठल्या पार्टीत नवी गाणारी आली, कुणाची ढोलकी सुरात लागते, कुणी जुनी चौकाची लावणी पुन्हा बसवली, ही खरी इथली बातमी. ती चहाच्या टपरीवर मिळते, पेपरात नाही.

मी बैठकीला बसलो तेव्हा बाईने पदर सारखा करून विचारलं, “काय ऐकणार, दादा?” पेटीवाला भाता धरून तयार. इतकं सगळं वाचून गेलो होतो. ऐन वेळी एकही जुनी लावणी आठवेना. शेवटी सिनेमातलीच एक सांगितली. पेटीवाल्याने बाईकडे पाहिलं, बाईने ढोलकीवाल्याकडे. तो जरासा हसला आणि शाईवर एक टिचकी मारून त्याने पुडी पुन्हा कानाशी नेली.