बिऱ्हाड नैरोबीला निघते तेव्हा

आमच्या जावईबापूंना नैरोबीत नोकरी मिळाल्याचे कन्येने सांगितले, तेव्हा आमच्या तोंडून पहिले वाक्य निघाले ते असे : ‘‘मुलांना आमच्याकडे ठेवा. त्यांच्या शिक्षणाची आबाळ नको.’’ नात तेव्हा पाचवीत होती, नातू पहिलीत. जन्मभर शाळेत वावरलेल्या माणसाला दुसरे काय सुचणार? कन्या क्षणभर थांबून म्हणाली, ‘‘बाबा, मुले आमच्याबरोबरच राहतील. तुम्हीच एकदा येऊन पाहा.’’ दोन वर्षांनी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सपत्नीक जाऊन पाच आठवडे राहून आलो. आमचा सल्ला चुकला होता, हे आधी कबूल करतो आणि मग जे पाहिले ते लिहितो. आज अनेक मराठी घरांतील मुले-मुली संसार घेऊन परमुलखात जात आहेत. त्यांना आणि त्यांच्या मागे राहणाऱ्या आईवडिलांना याचा काही उपयोग व्हावा, एवढीच इच्छा.

आफ्रिका म्हटली की आपल्या वडीलधाऱ्यांना 1972 साल आठवते. त्या वर्षी इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचे फर्मान काढले. आमच्या पत्नीच्या मनातही तीच धास्ती होती. परंतु शेजारच्या केनियाचा इतिहास वेगळा आहे. मोंबासा बंदरातून 1896 मध्ये सुरू झालेला लोहमार्ग 1899 मध्ये एका दलदलीच्या माळावर पोहोचला. तेथे रेल्वेची छावणी पडली आणि तिचेच पुढे नैरोबी झाले. मार्ग 1901 मध्ये व्हिक्टोरिया सरोवराला भिडला. या कामासाठी सुमारे 32,000 हिंदी मजूर, बहुतांशी पंजाबातून, नेले होते. त्यांपैकी सुमारे 2,500 तेथेच मृत्यू पावले. पाठोपाठ गुजराती व्यापारी आले, गोव्याचे कारकून आले. 1920 पर्यंत त्या मुलखात रुपयाच चालत असे. स्वातंत्र्यानंतर, 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात, परवान्यांचे कायदे कडक झाले आणि अनेकांनी केनियाही सोडला, हे खरे. तथापि जे राहिले त्यांच्या वंशजांना 2017 मध्ये केनिया सरकारने देशातील चव्वेचाळिसावी जमात म्हणून मान्यता दिली. आम्ही हे सांगितल्यावर पत्नीची धास्ती पुरती गेली नाही. पण तिने लोणच्याची बरणी बांधायला घेतली.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. नैरोबी विषुववृत्तालगत असली, तरी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,700 मीटर उंचीवर आहे. मसाई भाषेतील तिच्या नावाचा अर्थच ‘थंड पाणी’. बडोद्यात अंगाची लाही होत असताना आम्ही तेथे पांघरूण घेऊन झोपत होतो. जून ते ऑगस्ट तर लोकरीचे कपडे हवेतच. पाऊस दोनदा येतो : मार्च ते मे मोठा आणि ऑक्टोबर ते डिसेंबर धाकटा. पिवळ्या तापाची लस निघण्यापूर्वी किमान दहा दिवस घ्यावी आणि तिचा दाखला पारपत्रासोबत ठेवावा. तो नसेल तर परत येताना भारतातच विमानतळावरून विलगवासात जावे लागते. जन्मदाखले, विवाहाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला यांच्या प्रती जवळ असाव्यात, कारण मिळवत्याचा कामाचा परवाना, कुटुंबीयांचा आश्रितांचा परवाना आणि मुलांचा विद्यार्थी परवाना ही सगळी वेगवेगळी प्रकरणे आहेत.

शाळेचे वर्ष हा मोठा पेच. केनियाच्या अभ्यासक्रमाचे वर्ष जानेवारीत उघडते, ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळांचे सप्टेंबरात, आणि आपले जूनमध्ये. नातीचे यात काही महिने गेले. ‘‘पाहा, आबाळ झालीच!’’ असे आम्ही तेव्हा फोनवर म्हणालो होतो. दुसरा धडा असा की आधी शाळा ठरवावी आणि मग तिच्या जवळ घर घ्यावे. कन्येने उलट केले. शहरातील वाहनांच्या कोंडीत मुलांचे रोज दोन तास जाऊ लागले आणि वर्षभरातच बिऱ्हाड हलवावे लागले.

सोय मात्र एवढी की पार्कलँड्स भागात आमच्यासारख्या बडोदेकराला घरीच असल्यासारखे वाटावे. तूरडाळीपासून उदबत्तीपर्यंत सारे मिळते आणि सगळा व्यवहार गुजरातीत होतो. महाराष्ट्र मंडळही आहे. पण आम्हांला वाटते, खरा धोका या सोयीतच आहे. पहिले वर्षभर कन्येला स्वाहिलीची गरजच भासली नाही. मग एके दिवशी घरी सुतार यायचा होता. ‘सा न्ने’, म्हणजे चार वाजता, असे तो सांगून गेला. ही मंडळी सकाळी बाहेर गेली आणि चार वाजता वाट पाहत बसली. सुतार सकाळी दहालाच येऊन कुलूप पाहून परतला होता! स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळी सातला एक वाजतो, दहाला चार, आणि मध्यान्ही सहा. कन्या दुसऱ्या दिवशी त्याला चार शब्द सुनावून मोकळी झाली होती. शेजारच्या केनियन बाईंनी हा हिशेब समजावला, तेव्हा तिला फार ओशाळल्यासारखे झाले. तिने त्याची क्षमा मागितली आणि त्याच आठवड्यात मुलांच्या स्वाहिलीच्या पुस्तकातून स्वतः अभ्यास सुरू केला.

ही भाषा मराठी माणसाला परकी वाटत नाही. अरबी-फारसीच्या आणि आपल्याकडच्या व्यापाऱ्यांच्या वाटेने कितीतरी शब्द दोन्हींकडे पोहोचले आहेत. ‘पेसा’ म्हणजे पैसा, ‘दुका’ म्हणजे दुकान, ‘गारी’ म्हणजे गाडी, ‘हेसाबु’ म्हणजे हिशेब, ‘रंगी’ म्हणजे रंग, ‘वकीली’ म्हणजे वकील, ‘साबुनी’ म्हणजे साबण. भेटताच विचारतात ‘हबारी?’, म्हणजे आपली ‘काय खबर?’ कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला ‘कचुंबारी’ म्हणतात. आमच्या नातवाने या शब्दांची वहीच केली आहे. एका बाजूला स्वाहिली, दुसऱ्या बाजूला देवनागरीत मराठी. या वहीसाठीच तो देवनागरी गिरवायला बसला. आमच्या धाकाने तो कधी बसला असता की नाही, याची शंका आहे.

आपण बडोद्याचे मराठी लोक गायकवाडांच्या मागोमाग गुजरातेत आलो, त्याला तीन शतके होत आली. आपण गुजराती शिकलो म्हणून आपली मराठी बुडाली नाही. ज्या घरांत ती बुडाली, तेथे ती जेवणाच्या पानावर बोलली जाईनाशी झाली म्हणून बुडाली. नैरोबीतही तोच नियम. बाहेर स्वाहिली आणि इंग्रजी मनसोक्त शिकावी, घरात आईबापांनी मराठी सोडू नये. आणि मुलांना ‘शिक्षणासाठी’ मागे ठेवावे की काय, या प्रश्नावर आमचे मत आता बदलले आहे. दहावी-बारावीच्या उंबरठ्यावरील मुलाचा विचार निराळा. पण लहान मुलाची भाषा आईबापांच्या सहवासात वाढते. आजोबांच्या शिस्तीत फार तर तिचे शुद्धलेखन सुधारते.

हल्ली दर रविवारी फोन येतो. तेथे सायंकाळचे पाच वाजलेले असतात, येथे साडेसात. नात मराठी पुस्तकातील एक पान मोठ्याने वाचते. जोडाक्षरांपाशी अडखळते, पण सोडत नाही. मग नातू विचारतो, ‘‘आजोबा, तुमच्याकडे किती वाजले?’’

‘‘साडेसात.’’

‘‘म्हणजे दीड!’’

‘‘होय रे, दीड,’’ असे आम्हीही आता म्हणतो.