बडोद्याचे मोती : बसरा मोत्यांच्या सरांना लिलावात मिळणारा भाव

नैसर्गिक मोती माणसाचा हात न लागता तयार होतो. एखाद्या इजेमुळे किंवा परजीवीमुळे शिंपल्यातल्या प्राण्याच्या मांसल आवरणातील काही पेशी आत ढकलल्या जातात, त्यांच्याभोवती एक पिशवी धरते आणि ती पिशवी कॅल्शियम कार्बोनेटचे अतिशय पातळ थर एकावर एक चढवत राहते. कल्चर मोत्यात हीच क्रिया माणूस सुरू करून देतो. कवचातून कोरलेला गोल मणी आणि आवरणाचा एक तुकडा तो शिंपल्यात बसवतो व काही महिन्यांनी किंवा वर्षांनी मोती काढून घेतो. दोन्ही मोत्यांचा वरचा पदार्थ एकच असल्याने नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. तरीही जुन्या नैसर्गिक मोत्यांचा निवडक सर लिलावात कोट्यवधी रुपयांना जातो आणि दिसायला तसाच असलेला कल्चर मोत्यांचा सर त्याच्या छोट्या अंशाला विकला जातो.

महाराष्ट्रात ज्याला बसरा मोती म्हणतात तो बहुतेक इराणच्या आखातातला. बहारीन, कतार, कुवेत यांच्या किनाऱ्यांजवळच्या उथळ समुद्रात शिंपल्यांचे विस्तीर्ण थर आहेत. साधारण मे ते सप्टेंबर या काळात पाणबुडे नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून तळ गाठत आणि एका दमात हाती येतील तेवढे शिंपले टोपलीत भरत. बहुसंख्य शिंपल्यांत काहीच निघत नसे. जे मोती निघत ते हंगामाअखेर मुंबईत येत, कारण जगातला मोत्यांचा मोठा घाऊक बाजार एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या आरंभी इथेच होता. आखातातल्या अरब व्यापाऱ्यांच्या पेढ्या मुंबईत होत्या. पॅरिसच्या जवाहिऱ्यांनाही माल हवा असेल तर मुंबई आणि बहारीन टाळता येत नसे. कार्तिये घराण्यातले जॅक कार्तिये 1911-12 मध्ये त्यासाठीच भारत आणि आखात फिरून गेले.

मुंबईत मोती चाळला जाई, निवडला जाई, वेधला जाई आणि ओवला जाई. लहान होत जाणाऱ्या छिद्रांच्या पितळी चाळण्यांतून मोत्यांची आकारानुसार वाटणी होई. वेधणारा कारागीर लाकडी ठोकळ्यातल्या खळगीत मोती बसवी, कमानीने फिरणारी बारीक सळई त्यावर टेकवी आणि मोती तापून तडकू नये म्हणून वरून पाण्याचे थेंब सोडत राही. भाव वजनावर ठरत असल्याने भोक शक्य तितके अरुंद ठेवण्याकडे त्याचा कटाक्ष असे. जुन्या सरांतली ही अरुंद भोके आज तपासणाऱ्याला उपयोगी पडतात.

भाव ठरवण्याची मुंबईची रीत 'चव' या मापाची होती. मोत्यांचे एकूण वजन रतीत काढायचे, त्याचा वर्ग करायचा, आलेल्या आकड्याला 55 ने गुणून 96 ने भागायचे आणि शेवटी मोत्यांच्या संख्येने भागायचे. बारा रतीचा एकच मोती असेल तर 144 ला 55 ने गुणून 96 ने भागल्यावर साडेब्याऐंशी चव येतात. सहा-सहा रतीचे दोन मोती असतील तर एकूण वजन तेच, पण चव निम्म्यावर, म्हणजे सव्वाएक्केचाळीसवर येतात. तीन-तीन रतीच्या चार मोत्यांचे साडेवीसच्या थोडे वर. मग मोत्याचे पाणी, रंग, गोलाई आणि कातडीचा घोटीवपणा पाहून दर चवीमागे किती रुपये हे ठरे. मोठा मोती दुर्मीळ आणि अनेक लहान मोती मिळून त्याची जागा भरत नाही, हे या गणितात पक्के बसवलेले होते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही मोत्यांच्या किमती वजनाबरोबर झपाट्याने चढताना दाखवल्या आहेत. चव त्याच विचाराचा बाजारी हिशेब होय. युरोपातही मोत्याच्या भावात ग्रेनमधल्या वजनाचा वर्ग धरत.

या बाजाराची सर्वात मोठी गिऱ्हाइके संस्थानिक होते आणि त्यांत मराठी घराण्यांपैकी बडोद्याच्या गायकवाडांचे नाव पहिले येते. ठाणे जिल्ह्यातल्या गणेशपुरीजवळच्या वज्रेश्वरी देवळालाही त्यांच्या श्रीमंतीचा हात लागलेला आहे. वसईच्या 1739 मधील विजयानंतर चिमाजी अप्पांच्या नवसातून उभ्या राहिलेल्या या देवळाचा नगारखाना गायकवाडांनी बांधल्याचे सांगतात. बडोद्यात त्यांचा जवाहिरखाना नजरबाग वाड्यात होता. 1856 ते 1870 या काळात गादीवर असलेल्या खंडेराव महाराजांना रत्नांचा विलक्षण नाद होता. त्यांच्याच काळात सात पदरी मोत्यांचा हार आणि मोत्यांचा गालिचा अशा दोन वस्तू झाल्या. पुढे दोन्ही लिलावात गेल्या आणि दोन्हींची किंमत अगदी वेगवेगळ्या कारणांनी ठरली.

सात पदरी हाराचे खरे मूल्य मोत्यांच्या जुळणीत होते. एका पदरात साठ-सत्तर मोती एकाच रंगाचे, एकाच पाण्याचे, मधल्या मोठ्यापासून टोकाच्या लहानापर्यंत हळूहळू उतरत जाणारे हवेत. एका हंगामात असा सर जमत नाही. जवाहिऱ्याला वर्षानुवर्षे सुटे मोती साठवावे लागतात, जुने दागिने उसवावे लागतात आणि एक नवा मोती मिळाला की चार जुने बदलावे लागतात. म्हणून जुळलेल्या सराची किंमत सुट्या मोत्यांच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त येते. सर तोडून मोती वाटून घेणाऱ्या वारसांचा तोटा इथेच होतो.

बडोद्याचा हारही एकसंध राहिला नाही. त्यातल्या सर्वोत्तम मोत्यांचा दोन पदरी हार 25 एप्रिल 2007 रोजी न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात आला. त्यात 68 मोती होते. सर्वात लहान साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास आणि सर्वात मोठा 16 मिलिमीटरहून किंचित जास्त. आखाती शिंपला मुळातच लहान असतो, त्यामुळे त्यातून 16 मिलिमीटरचा गोल मोती निघणे किती विरळ, हे जाणकाराला सांगावे लागत नाही. हार सुमारे 71 लाख डॉलरला गेला.

गालिच्याची गोष्ट वेगळी. सुमारे 1865 मध्ये खंडेरावांनी तो मदिनेतल्या पैगंबरांच्या कबरीला अर्पण करण्यासाठी करवून घेतला, असे परंपरा सांगते. हिंदू राजाचे हे दान 1870 मधल्या त्यांच्या निधनामुळे पोहोचले नाही आणि गालिचा बडोद्यातच राहिला. रेशीम आणि हरणाचे कातडे यांच्या आधारावर अंदाजे 15 ते 20 लाख बारीक बसरा मोती शिवून त्यावर वेलबुट्टी काढली आहे. मध्ये हिऱ्यांची मोठी फुले आहेत आणि जागोजागी माणके, पाचू, नीलमणी जडवले आहेत. यातल्या एकेका मोत्याचे चव काढले तर हाती फारसे काही लागणार नाही. इतक्या मोत्यांची निवड, वेधणी आणि शिलाई करणाऱ्या कारागिरांचे काम हीच त्याची किंमत आहे, आणि त्या कारागिरांपैकी एकाचेही नाव लिलावाच्या यादीत नव्हते हे मनाला लागते. 1902-03 च्या दिल्ली प्रदर्शनात गालिचा लोकांनी पाहिला. मार्च 2009 मध्ये सदबीजने दोह्यात तो सुमारे 55 लाख डॉलरला विकला. ज्या समुद्रातले मोती, त्याच किनाऱ्यावर तो आता कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच संचातली मोत्यांची गोल छत्री 2019 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुमारे 22 लाख डॉलरला गेली.

या वस्तू देशाबाहेर गेल्या त्या सीतादेवींमार्फत. पिठापुरम घराण्यातल्या सीतादेवींनी 1943 मध्ये प्रतापसिंहराव गायकवाडांशी लग्न केले आणि पुढे मोनॅकोत घर केले. 1951 मध्ये भारत सरकारने प्रतापसिंहरावांना गादीवरून दूर केले, तोपर्यंत जवाहिरखान्यातला मोठा ऐवज युरोपात पोहोचला होता. सीतादेवी 1989 मध्ये वारल्या. मोती गळ्यात घातलेली त्यांची छायाचित्रे लिलावाच्या वेळी पुराव्यासारखी उपयोगी पडली. मराठी वाचकाला या इतिहासाची खंत वाटणे साहजिक आहे. बडोद्याच्या रयतेच्या पैशातून उभा राहिलेला ऐवज बडोद्यात पाहायला मिळत नाही. त्या मानाने निजामाच्या जवाहिराचे नशीब चांगले. ज्या संस्थानात मराठवाडा होता त्याचे हे दागिने भारत सरकारने 1995 मध्ये 218 कोटी रुपयांना विकत घेतले आणि त्यातला बसरा मोत्यांचा सातपदरी हार देशातच राहिला.

मोत्यांचे भाव मात्र सरळ चढत गेलेले नाहीत. 1917 मध्ये न्यूयॉर्कमध्ये पिएर कार्तिये यांनी 55 आणि 73 मोत्यांच्या दोन पदरी हाराच्या बदल्यात फिफ्थ अॅव्हेन्यूवरची हवेली घेतली. हाराची किंमत तेव्हा दहा लाख डॉलर धरली होती. 1957 मध्ये तोच हार दीड लाख डॉलरच्या आसपास विकला गेला आणि हवेली आजही कार्तिये पेढीकडे आहे. मधल्या चाळीस वर्षांत जपानच्या कोकिची मिकिमोतो यांचे कल्चर मोती बाजारात आले, 1929 ची मंदी आली आणि 1930 मध्ये मोत्यांचा बाजार कोसळला. 1932 मध्ये बहारीनला तेल लागले, पाणबुडे विहिरींवर कामाला गेले. मन्नारच्या आखातातली मोत्यांची शिंपलेमारी 1961 नंतर बंद पडली. मुंबईतल्या पेढ्यांनी हिरे किंवा कल्चर मोती धरले. नवा नैसर्गिक मोती जवळपास येईनासा झाला आणि लिलावात येणारा माल म्हणजे जुन्या घरांचा साठा, एवढेच उरले. गेल्या काही दशकांतली तेजी या टंचाईवर उभी आहे.

तेजीबरोबर तपासणी कडक झाली. दातावर घासून खरखर लागते का पाहण्याची घरगुती परीक्षा काचेचा खोटा मोती ओळखते, कल्चर मोती तिला सापडत नाही. खात्री देतो तो क्ष-किरण. नैसर्गिक मोत्यात केंद्रापासून बाहेर जाणारी बारीक वर्तुळे दिसतात, तर कल्चरमध्ये आतला मणी आणि बाहेरचे थर यांच्यातली सीमा उमटते. मणी न घालता वाढवलेल्या मोत्यात मध्ये वेडीवाकडी पोकळी आढळते आणि ती ओळखणे जास्त कठीण आहे. मोठ्या लिलावात स्वित्झर्लंडमधील एसएसईएफ, ग्युबेलिन किंवा अमेरिकेतील जीआयए यांच्या प्रमाणपत्राशिवाय मोत्यांना कोणी हात लावत नाही. सराचा प्रत्येक मोती तपासला जातो, कारण तुटलेल्या सरात नंतर दोन-चार कल्चर मोती भरून काढण्याची चाल जुनी आहे.

मूळ मालकाचे नाव भाव कुठवर नेते, हे दोन लिलावांनी दाखवले. अभिनेत्री एलिझाबेथ टेलरकडचा 'ला पेरेग्रिना' मोती तिचा नवरा रिचर्ड बर्टनने 1969 मध्ये 37 हजार डॉलरला घेतला होता. डिसेंबर 2011 मध्ये तो 1 कोटी 18 लाखांवर गेला. नोव्हेंबर 2018 मध्ये मारी आंत्वानेतच्या मोत्याच्या लोलकाचा अंदाज दहा ते वीस लाख डॉलरचा होता आणि शुल्कासह किंमत 3 कोटी 60 लाखांवर गेली. नुसत्या मोत्याला एवढी किंमत येत नाही.

मराठी घरांत अजूनही जुनी नथ, कुड्या, चिंचपेटी, तन्मणी, पुरुषांची भिकबाळी असा बसरा मोत्यांचा ऐवज निघतो. त्यातले मोती बहुधा लहान आणि थोडे वेडेवाकडे असतात, त्यामुळे राजवाड्यांचे आकडे त्यांना लावू नयेत. तरी जडाव, सोन्याचे काम आणि मूळ घडण शाबूत असेल तर दागिना म्हणून त्याला मोत्यांच्या वजनापलीकडे भाव येतो. मोती मऊ असतो आणि आम्लाने झिजतो. घाम, अत्तर, साबण यांनी पाणी उतरते आणि उतरलेले पाणी परत चढवता येत नाही. पाटवेकराकडून दोन मोत्यांमध्ये गाठ मारून रेशमात ओवून घेतले तर ते एकमेकांवर घासत नाहीत आणि सर तुटलाच तर सगळे सांडत नाहीत. नथीची घडण मोडून मोती नव्या दागिन्यात बसवले की जुनेपणाचा भाव गेला.

विकायचे झाल्यास भारतातल्या मालकाला कायदा पाहावा लागतो. 1972 च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू सरकारी परवान्याशिवाय परदेशी नेता येत नाहीत. म्हणून जिनिव्हा किंवा न्यूयॉर्कला जे भारतीय मोती दिसतात ते बहुधा कायद्यापूर्वीच बाहेर गेलेले असतात. देशात राहिलेले दागिने मुंबईच्या सॅफ्रनआर्ट, अॅस्टागुरू यांसारख्या लिलावगृहांत येतात. तिथे खरेदीदार मुख्यतः देशातलेच असल्याने बोली परदेशातल्या बाजारापेक्षा कमी राहण्याचा संभव असतो. बोलीवर लिलावगृहाचे खरेदीदाराकडचे शुल्क आणि कर वेगळे लागतात, त्यामुळे वर्तमानपत्रात छापून आलेला आकडा हातात येणाऱ्या रकमेपेक्षा मोठा असतो.